ते म्हणतात, तुला मागणी आली होती

प्रज्ञा,

परवा विहारात तुझ्या मामांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की तुला मागणी आली होती. "युसूफ वडगावहून पाव्हने सोता चालून आले. माझ्या भाचीला मागणी घातली अन् मी त्याच बैठकीत शब्द दिला." हे सांगताना ते रडले. ते रडणं खरं होतं. बाकी एक शब्द खरा नव्हता.

तू गेल्यानंतरच्या तुझ्या जलदान विधीला सगळी वडवणी लोटली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, मांडवात पंखे. तुझा फोटो मधोमध. त्यात तू कंडक्टरच्या गणवेशात हसते आहेस आणि तिकिटाचं मशीन गळ्यात आहे. तोच फोटो लावायचा असा हट्ट तुझ्या नवऱ्यानं, अनिलनं धरला, नाहीतर मामांनी लग्नातला काढून ठेवला होता. तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरी कुठली, हे सगळं कार्यक्रमपत्रिकेवर छापलंय. ते मी इथं लिहीत नाही. मला तुझ्या नावानं झालेल्या खोटेपणाशी भांडायचंय, आणि थोडं तुझ्याशीही.

मांडवात किती जणांना खरं माहीत होतं? तुझ्या आईला, तुझ्या धाकट्या बहिणीला, करुणाला, अनिलला आणि मला. मामांना तर पुरतं माहीत होतं, कारण ती लबाडी त्यांनीच रचली होती. तू घरी येऊन सांगितलंस की मी अनिलला विचारलंय आणि तो हो म्हणालाय. त्यावर मामा दुसऱ्याच दिवशी युसूफ वडगावला गेले. तिथं अनिलच्या वडिलांना गळ घातली, की तुम्ही आमच्याकडे माणूस पाठवा, मागणी तुमच्याकडून आली असं दिसलं पाहिजे. बिचाऱ्या म्हाताऱ्यानं पाठवला माणूस. त्या दिवशी तुझ्या घरी चहा, पोहे, फेटा, सगळं झालं आणि तू आत तोंडावर पदर घेऊन हसत होतीस. "लेखिकाबाई," मला फोनवर म्हणालीस, "मलाच माझं स्थळ आलंय, बग."

तुला हसू आलं, मला तेव्हाही राग आला होता. कारण मला माहीत होतं, एकदा असा पाव्हणा घरात येऊन बसला की तो उठत नाही. तुझ्या लग्नाचा खरा किस्सा तिथंच संपला आणि मामांचा सुरू झाला. आता तू नाहीस तर तो माईकवर आला.

विधीच्या आदल्या दिवशी मावशींनी, तुझ्या आईनं, मला मागच्या खोलीत नेलं. माझं नाव बोलणाऱ्यांत होतं, हे त्यांना कळलं होतं. दार लोटलं आणि हात धरला.

"इद्या, तू बोलशील तर चांगलं बोल. पन ते काडू नको."

"कोणतं, मावशी?"

"तुला कळतंय कोनतं. करुणाला बगायला पाव्हने यायलेत पुढच्या म्हयन्यात. चांगलं घर हाय, पोरगं नोकरीला हाय. थोरलीनं सोता गडी इच्यारला म्हनून कळलं तर धाकटीच्या दारात कुनी येनार न्हाई."

मी काहीतरी म्हणायला लागले. तुला माहितीये मी काय म्हणायला लागले असेन. त्यांनी मला थांबवलं.

"तू पत्रक काडतीस. लोक वाचतेत अन् फेकून देतेत. पोरगी फेकता येत न्हाई घरातली."

तुझी आई पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या अंगावरचा ताप ओल्या फडक्यानं पुसत होती, तिच्याशी मी काय वाद घालणार? पण प्रज्ञा, चीड आली मला. आपल्या वस्तीत समतेवर किती भाषणं झाली, त्याच विहारात, त्याच माईकवर! मी शाळेत असल्यापासून माझ्या वडिलांनी आणलेल्या जयंतीच्या पत्रकांच्या घड्या घालत आले. प्रत्येक पत्रकात स्त्री-पुरुष समानता ठळक अक्षरांत असायची, कधी शेवटच्या परिच्छेदात, कधी पहिल्या. तेच लोक तुझ्या आईच्या मनात एवढी भीती ठेवून गेले, की मेलेल्या मुलीच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तिनं लपवून ठेवावी.

एक शब्द बघ आपल्याकडचा. पोरानं विचारलं तर मागणी घातली म्हणतात. पोरीनं विचारलं तर गळ्यात पडली. विचारलेलं एकच असतं, लग्न करायचं का. पण एकाला फेटा बांधतात आणि दुसरीच्या आईला मागच्या खोलीत दार लोटून बोलावं लागतं.

आणि तू एकदा नाही, दोनदा विचारलं होतंस. ते तर मावशींनाही माहीत नव्हतं.

पहिल्या वेळचं तू मला सांगितलंस ते रडत नाही, वैतागून. बीडच्या स्टँडासमोर रसवंती होती. ज्यांना विचारलंस ते शाळेतले सर रोज तुझ्या सकाळच्या गाडीनं वडवणीतून निघायचे आणि वाटेतल्या त्यांच्या शाळेच्या गावाला उतरायचे. अपडाउनवाले. सीटवर पुस्तक वाचत बसायचे, म्हाताऱ्यांना जागा द्यायचे, तुझ्याकडचे सुटे पैसे संपले तर स्वतःचे द्यायचे. तुला ते आवडले. त्यात काय चुकीचं होतं? एका रविवारी ते बीडमध्ये भेटले, तू त्यांना रस पाजलास आणि म्हणालीस, "सर, मला तुमी आवडता. तुमच्या मनात असंल तर घरी बोलू का?"

त्यांनी ग्लास संपवला. "विचार करून सांगतो," म्हणाले.

विचार त्यांनी केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलाही. तुला सोडून सगळ्या गाडीला. मागच्या लांब सीटवरच्या अपडाउनवाल्यांना, ड्रायव्हरला, पेपर वाचणाऱ्या तलाठ्याला. तू शेवटचं तिकीट फाडून मागं आलीस तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आमालाबी इच्यारा की. आमी लगेच हो म्हनतो." दुसरा म्हणाला, "आरं, रस पाजावा लागतो त्यांना आदी." तिसरा नुसता डबल बेलची दोरी ओढून हसला. सर खिडकीबाहेर बघत होते.

तू त्यांच्याजवळ गेलीस. "सर, पास."

"रोजचाच आहे मी."

"रोजचे असले तरी पास दाखवावा लागतो."

त्यांना उठून मागच्या खिशातून पाकीट काढावं लागलं. सगळ्यांसमोर. हे सांगताना मात्र तू हसली होतीस, पहिल्यांदा.

पण एवढ्यावर ते थांबलं नाही. कित्येक महिने चाललं. तू गाडी बदलून मागितली नाहीस. मी म्हटलं, तक्रार कर. तू म्हणालीस, "कशाची? न्हाई म्हननं हा काय गुन्हा न्हाई." मी म्हटलं, न्हाई म्हणणं नाही, पण हे जे चाललंय ते. तू म्हणालीस, "ह्याला कायद्यात नाव काय देशील? चहाटळपना?"

आणि तीच गाडी, प्रज्ञा! त्याच गाडीत पुरुष तुला तिकिटाच्या नोटेवर मोबाईल नंबर लिहून द्यायचे. विशीतली पोरंही, पोटं सुटलेले बापेही. त्यांना कुणी हसलं? तू ती नोट परत द्यायचीस आणि मोठ्यानं म्हणायचीस, "फाटकी नोट चालत न्हाई." नोट कोरी करकरीत असायची. अख्खी गाडी समजायची आणि समजून न समजल्यासारखं करायची. पुरुषानं नंबर लिहून बाईच्या हातात कोंबणं म्हणजे गाडीतली रोजची धूळ, कुणाला दिसतही नाही. बाईनं एकदा, एका माणसाला, रसाचा ग्लास हातात देऊन सरळ तोंडावर विचारलं, तर ती कित्येक महिने गाडीतली करमणूक.

त्या दिवसांत करुणा कॉलेजला होती. त्याच गाडीत, तिसऱ्या सीटवर बसायची. हे मला आत्ता कळलं. त्यावर पुढं येते.

आपलं खरं भांडण कपिलधारला झालं. श्रावणातला सोमवार टाळून आपण गेलो होतो, म्हणजे गर्दी नको. धबधब्याच्या खाली दगडावर पाय पाण्यात सोडून बसलो होतो. पेरू खात होतीस तू, मीठ-तिखट लावून. नुकतंच अनिलनं हो म्हटलं होतं. मी म्हटलं, मला हे लिहायचंय. महिला दिनाच्या पत्रकात. नाव नाही घालत, पण एक कंडक्टर बाई, तिनं विचारलं, तिनं रूढी मोडली.

"मी काय मोडलं?" तू म्हणालीस.

"रूढी."

"मला तो आवडला, म्हनून इच्यारलं. तू लिव्हशील धाडस केलं. धाडस-बिडस काय न्हवतं. घाम आलता मला. जसा कुनालाबी येतो."

"पण बायांनी विचारायलाच पाहिजे, हे तर खरं?"

"इच्यारायलाच पाहिजे असं कावून? ज्यांना वाटंल त्या इच्यारतील. तुझ्या पत्रकात बाई इच्यारती अन् गडी हो म्हनतो, लगेच क्रांती. न्हाई म्हनला तर काय, ते कुठं लिव्हलंय? मला पयल्यांदा न्हाई मिळालं, तेबी धड न्हाई. दुसऱ्या दिशी त्याच गाडीत त्याच्याकडं पास मागावा लागला. तेवढं लिव्ह. न्हाई ऐकून बाईला त्याच रस्त्यानं जाता आलं पाहिजे, कुनी न बोलता. गड्यांना येतंय की जाता."

मी म्हटलं, हे अवघड आहे पत्रकात मांडायला. तू पेरूचं देठ पाण्यात टाकलंस आणि म्हणालीस, "मंग पत्रकच बदल."

आपण बोलता बोलता चिडलो, परत येताना गाडीत शेजारी बसून बोललो नाही. नंतर फोनवर बोललो ते सगळं दुसरंच. तुझ्या लग्नाच्या साड्या, माझी बदललेली खोली, अनिल किती कमी बोलतो. तो वाद तसाच राहिला. मला तुला सांगायचं होतं की पटलंय मला. थोडं पटलंय. पूर्ण नाही, कारण अजूनही मला वाटतं की एकीनं मोठ्यानं सांगितल्याशिवाय दुसरी विचारणार नाही, आणि तू सांगायला तयार नव्हतीस. हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार होते. दवाखान्यात तुला बोलता येत नव्हतं. एकतर्फी वाद मला जमत नाही.

तर, परवा.

मामांचं झाल्यावर अनिलला बोलायला सांगितलं. तुला माहितीये ना तो, डेपोत दिवसभर गाड्यांखाली असतो, माणसांसमोर उभा राहिला की हात कुठं ठेवावेत कळत नाही त्याला. त्यानं माईक स्टँडवरून काढलाच नाही, वाकून उभा राहिला. मला वाटलं दोन वाक्यं बोलेल, बसेल.

"मामा म्हनले ते बरोबर न्हाई," तो म्हणाला.

मामांनी मान खाली घातली.

"मी काय मागणी घातली न्हाई. मला जमलंच नसतं. मी गाडीखाली होतो, बोल्ट काडायलतो. माझे नुसते पाय भाईर होते. वरून आवाज आला, 'अनिल, माझ्याशी लग्न करता का? भाईर येऊन सांगा, घाई न्हाई.' "

कुणीतरी हसलं. मग बऱ्याच बायका हसल्या, तोंडावर पदर घेऊन.

"माझं काम धा मिंटाचं होतं. मी मुद्दाम अर्दा तास भाईर आलो न्हाई. मला वाटलं, जाईल. भाईर आलो तर ती तिथंच. टायरवर बसून शेंगा खायलती. मला म्हनली, 'झालं का काम?' मी म्हनलो, झालं. 'मंग?' म्हनली. मी म्हनलो, चार दिवस द्या. ती म्हनली, 'द्या म्हनजे काय, घ्या की.' "

एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. मांडवात हसणारे रडत होते. मीही. तू मला कधी सांगितलंच नाहीस की तू त्याच्या पायांना विचारलंस! "डेपोत विचारलं," एवढंच म्हणाली होतीस. मी कायम कँटीन डोळ्यापुढं आणत राहिले, दोन चहा, समोरासमोर खुर्च्या.

क्षणभर मला वाटलं, संपलं. खोटं संपलं. नवऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, आता कोण काय बोलणार?

मग अध्यक्ष उठले. "अनिलराव," त्यांनी आपल्या त्या जड आवाजात सुरुवात केली, "आज तुम्ही मोठेपणा दाखवला. किती पुरुषांचं मन एवढं मोठं असतं? पुढाकार बाईनं घेतला असताना तिला स्वीकारणं, आणि ते उघडपणे सांगणं, ही साधी गोष्ट नाही." लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "खरंय, खरंय. देवमाणूस हाय." विहारात बसून देवमाणूस म्हणणारा तो भला गृहस्थ कोण होता ते मी पाहिलं नाही.

ऐकलंस? तू विचारलंस, तू टायरवर बसून अर्धा तास वाट बघितलीस, आणि मोठेपणा कुणाचा? त्याचा. त्यानं तुला "स्वीकारलं". तू म्हणजे काय जुनी सायकल होतीस, परत मिळालेली? अनिल कानकोंडा होऊन मान हलवत होता, नाही नाही करत होता, त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही. हीच गोष्ट तू जिवंतपणी स्वतः सांगितली असतीस तर हीच माणसं काय म्हणाली असती, ते तुझ्या गाडीच्या हकिगतीतून मला कळलंय. नवऱ्याच्या तोंडून आली तर डोळ्यांत पाणी, बाईच्या तोंडून आली तर चहाटळपणा. बोलणारं तोंड बदललं की गोष्टच बदलते ह्यांच्यासाठी.

मी उठणार होते. माझं नाव पुढं होतं. मावशींनी आदल्या दिवशी धरलेला हात अजून मनगटावर जाणवत होता.

पण माझ्याआधी ते सर उठले.

हो, आले होते. पांढरा शर्ट, हात जोडलेले, पहिल्या रांगेत. आता ते तालुक्यातल्या प्रत्येक कार्यक्रमात बोलतात. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "प्रज्ञाताई मला बहिणीसारख्या होत्या. रोज गाडीत भेट व्हायची. नेहमी हसतमुख. अशी बहीण पुन्हा होणे नाही."

प्रज्ञा, माझ्या कानात शिट्टी वाजली. मी अर्धवट उठलेही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, माईक नसलेला, पण सगळ्यांना ऐकू जाणारा.

"सर, एक मिनिट."

करुणा. पाण्याचा जग घेऊन उभी होती, लोकांना पाणी वाटत होती.

"भयीन म्हनला म्हनून इच्यारते. ताईनं तुमाला बीडला रसवंतीवर इच्यारलं, लग्न करायचं का म्हनून. तुमी म्हनला इच्यार करून सांगतो. दुसऱ्या दिशी तुमी सगळ्या गाडीला सांगितलं, तिला सोडून. मी तिसऱ्या सीटवर होते. रोज होते. न्हाई म्हनायचं होतं तर तोंडावर म्हनायचं, ती काय मरनार न्हवती. भयीन कवा झाली ती तुमची?"

सर म्हणाले, "हा विषय इथं काढायचा..." अध्यक्ष म्हणाले, "पोरी, खाली बस. दुःखात मानूस काहीबी बोलतंय." करुणा बसली नाही. तिच्या हातातला जग तिरका झाला होता, पाणी तिच्या साडीवर सांडायला लागलं होतं. अनिल उठला, चार लोकांच्या मधून गेला आणि तिच्या हातातून जग घेतला. तिच्या शेजारी उभा राहिला, जग धरून. बौद्धाचार्यांनी प्रसंग ओळखून शेवटचं सरणत्तय म्हणायला सुरुवात केली आणि सगळे उभे राहिले. सरही. त्यांचे हात जोडलेलेच होते, नजर मात्र गाडीतल्यासारखी बाजूला, जणू तिथं खिडकी आहे.

माझं बोलणं राहिलंच. बरं झालं. मी पत्रकासारखं बोलले असते. करुणा कंडक्टरसारखी बोलली.

मी मावशींकडं बघितलं नाही. धीर झाला नाही. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी माझा हात धरला होता ती आधी त्यांच्या जावयानं आणि मग धाकट्या लेकीनं भर मांडवात उघड केली होती. मावशींना एक ठिकाण लपवायचं होतं, करुणानं दुसरंही सांगून टाकलं.

त्या रात्री करुणानं स्वयंपाक केला, मावशींनी ताट बाजूला सारलं.

काल दुपारी करुणाचं स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाचा फोन आला. मी तिथंच होते, तुझे कपडे निवडत होते कुणाकुणाला द्यायचे म्हणून. मावशींना एका कानानं कमी ऐकू येतं, त्या फोन स्पीकरवरच घेतात. त्यामुळं सगळं आम्ही ऐकलं.

"अक्का, पाव्हने नको म्हनायलेत," तो म्हणाला.

"बरं." मावशींचा आवाज सपाट होता.

"तुमचं दुःख मोटं हाय, समजतंय. पन थोरलीचं असं हाय हे आमाला म्हाईत न्हवतं. दोन-दोन ठिकानी इच्यारलेली बाई. पाव्हने म्हनायलेत, धाकटीबी त्याच वळनाची निगाली, भर सभेत उठून..."

"थांबा." मावशी म्हणाल्या. "त्या पोरानं आजवर किती पोरी बगितल्या?"

"आता ते... सात-आट झाल्या असतील."

"सात-आट घरचे पोहे खाऊन आलंय ते. त्याला कुनी वळन इच्यारलं का?"

"अक्का, पोराची गोष्ट येगळी..."

"माझी प्रज्ञा दोनच ठिकानी गेली. सोताच्या पैशाचा रस पाजला तिनं. कुनाच्या घरचं फुकट खाल्लं न्हाई. ठिवा फोन."

आणि त्यांनी फोन बंद केला, पण बोट नीट बसलं नाही. तो पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. करुणानं जाऊन फोन घेतला आणि बंद केला. तिचं तोंड बघायला हवं होतंस. आनंद नव्हता त्यावर, काहीतरी दुसरंच होतं, म्हणजे ओझं दुसऱ्यानं उचलल्यावर खांद्याला कळत नाही ना काही वेळ, तसं.

मावशी खाली बसल्या. तुझा गणवेशाचा शर्ट माझ्या मांडीवर होता, तो त्यांनी ओढून घेतला. बराच वेळ त्याची बटणं लावत राहिल्या, एक एक, खालून वर.

"किती दिस चाललं गाडीत ते?" त्यांनी विचारलं.

"पाच-सा म्हयने," करुणा म्हणाली.

"रोज?"

"रोजच न्हाई. पन व्हायचं."

"अन् मी रोज डबा बांदून द्यायची." मग माझ्याकडं वळल्या. "तुला म्हाईत होतं?"

"होतं, मावशी. तिनं सांगितलं होतं."

"हिलाबी म्हाईत. तुलाबी म्हाईत. मला कावून न्हाई सांगितलं तिनं? मी काय तिला हानलं असतं?"

बाहेर कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. मावशींनी शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावलं.

"हानलं असतं," त्या स्वतःच म्हणाल्या. "आदी तिला हानलं असतं. मंग दुसऱ्या दिशी सकाळी त्या गाडीत मी चडले असते."

प्रज्ञा, त्या चढल्या असत्या. तुझ्या पुढ्यात उभं राहून त्यांनी त्या मागच्या सीटला असं काही ऐकवलं असतं की गाडी बीडपर्यंत मुकी गेली असती. तुला हे माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. त्यांना स्वतःलाही कालपर्यंत माहीत नव्हतं.